‘मला काही नको’ म्हणणाऱ्या गृहस्थांची पंचाहत्तरी : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

कोथरूडमधील एका जुन्या सोसायटीत राहणाऱ्या कुटुंबाने घरातील ज्येष्ठांच्या पंचाहत्तरीची भेट कशी ठरवली, याचा हा वृत्तान्त आहे. कुटुंबाची परवानगी घेऊन तो लिहिला आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि सर्वांचा उल्लेख नात्यानेच केला आहे. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते आणि त्या घरातील सूनबाई माझी मैत्रीण आहे. त्यामुळे यातील काही गोष्टी मी ऐकलेल्या आहेत, काही पाहिलेल्या आहेत आणि एक गोष्ट मला थेट छतातून ऐकू आलेली आहे. तिचा उल्लेख पुढे येईलच.

ज्यांची पंचाहत्तरी होती त्यांना येथे काका म्हणू. त्यांचा जन्म १९५० चा. आयटीआयमधून टर्नरचे शिक्षण, सुरुवातीची काही वर्षे लहान वर्कशॉपमध्ये काम आणि नंतर पिंपरी-चिंचवड पट्ट्यातील एका वाहन कारखान्याच्या टूलरूममध्ये ३४ वर्षे नोकरी करून ते २००८ मध्ये निवृत्त झाले. घरात काकू, मुलगा, सून आणि कॉलेजात जाणारा नातू. मुलगी आणि जावई नाशिकला. मागच्या बाल्कनीत जुन्या दाराच्या फळीचे एक टेबल आहे, त्यावर व्हाइस (म्हणजे काम करताना वस्तू दोन जबड्यांत आवळून धरणारे लोखंडी साधन), खाली पत्र्याच्या पेटीत हत्यारे, आणि सकाळचा चहा झाला की काका तेथेच असतात. सोसायटीतील निम्म्या घरांची मिक्सरची भांडी, इस्त्र्या आणि कुलुपे त्या फळीवरून जाऊन आलेली आहेत.

काकांना एखादी वस्तू हवी झाली की ते त्याच आठवड्यात स्वतः जाऊन ती आणतात, आणि बाजारात मनासारखी मिळाली नाही तर बनवतात. ज्याच्या मनात खरेदीची शिल्लक यादीच उरत नाही अशा माणसाला भेट देणे हे मुळात अवघड काम असते.

अडचण नेमकी काय होती

काकांना भेटी मिळाल्या नव्हत्या असे नाही. षष्ट्यब्दीला मुलांनी सोन्याची अंगठी केली होती. ती दोन दिवस बोटात राहिली आणि कानस धरताना अडते म्हणून बँकेच्या लॉकरमध्ये गेली. कपाटाच्या वरच्या कप्प्यात न शिवलेले अकरा शर्टपीस आहेत, आणि प्रत्येकाच्या घडीत तो कोणत्या लग्नात कोणाकडून आला याची चिठ्ठी आहे, कारण ज्याचा आहेर त्यालाच फिरून जाऊ नये ही खबरदारी काकू घेतात. मुलाने पाच वर्षांपूर्वी मनगटावरचे स्मार्टवॉच आणले. ते काकांनी आठ दिवस वापरले. दर तासाला ते उभे राहण्याची आठवण करून देत असे. “मी चौतीस वर्षे मशीनसमोर उभाच होतो, आता बसायला मिळाले तर हे उभे राहा म्हणते,” असे म्हणून त्यांनी ते काढले, आणि सध्या ते जावयांच्या मनगटावर आहे.

कुटुंबाला सर्वांत जास्त लागली ती जावयांच्या ड्रिल मशीनची गोष्ट. सासऱ्यांची आवड हत्यारांची, तर हत्यारच द्यावे, हा विचार वरकरणी बिनचूक होता. जावयांनी हौसेने १० मिलिमीटरचे ड्रिल मागवले. काकांकडे १३ मिलिमीटरचे, काँक्रीटमध्ये चालणारे हॅमर ड्रिल आधीपासून होते. त्यांनी नवे मशीन उलटसुलट पाहिले, चक हाताने फिरवून पाहिला, “छान आहे” म्हणाले आणि खोक्यात परत ठेवले. ते खोके पुन्हा उघडले गेले नाही.

या प्रसंगाचा अर्थ घरात बराच काळ चुकीचा लावला गेला. काकांना काहीच आवडत नाही, असे सगळे म्हणू लागले. माझ्या मते येथे दुसरेच काही घडले होते. ज्या विषयात माणूस जन्मभर मुरलेला आहे, त्या विषयातील वस्तू निवडण्यास देणारा सर्वांत कमी लायक असतो. गवयाला तंबोरा आणि आचाऱ्याला कढई अंदाजाने घेऊन जाणारा माणूस त्यांच्या आवडीचा मान राखतो, पण त्यांच्या पारखेचा नाही. काका “छान आहे” म्हणाले ते जावयांच्या मानासाठी. खोके उघडले नाही ते ड्रिलच्या अपुऱ्या ताकदीमुळे.

आणखी एक गोष्ट या घरापुरती नाही. आपल्याकडील सणांची रचनाच अशी आहे की पुरुषाने द्यावे. पाडव्याला बायको ओवाळते आणि नवरा ओवाळणी घालतो, भाऊबीजेला भाऊ घालतो, राखीपौर्णिमेलाही तेच. पुरुषाला हक्काने मिळते ते जावई म्हणून: दिवाळसणाला, आणि अधिक महिन्यात म्हणजे साधारण तीन वर्षांतून एकदा, तेहतीस अनारशांच्या ताटाबरोबर. पुढे तो स्वतः सासरा होतो आणि हे दारही बंद होते. मग उरते शाल आणि श्रीफळ. काकूंसाठी साडी निवडताना मुलीला चाळीस वर्षांचा सराव होता, तर वडिलांसाठी काही निवडण्याचा सराव घरात कोणालाच नव्हता.

पंधरा दिवसांची टिपणे

पंचाहत्तरी जानेवारीत होती. नोव्हेंबरच्या अखेरीस मुलीने नाशिकहून फोन करून विषय काढला, तेव्हा काकूंनी अडचण एका वाक्यात सांगितली: “त्यांना विचारा, म्हणजे ते नको म्हणतील, आणि न विचारता आणा, म्हणजे कशाला आणले म्हणतील.”

सूनबाईने यावर एक साधी गोष्ट केली. काय द्यावे याचा विचार तिने पंधरा दिवस पुढे ढकलला आणि त्या काळात काका काय दुरुस्त करतात, कशावर वैतागतात आणि कोणते काम उद्यावर टाकतात, एवढेच मोबाइलमध्ये टिपून ठेवले. यात हेरगिरीचा थोडा वास आहे हे तिला मान्य आहे.

दुरुस्तीच्या टिपणांतून नवे काही हाती आले नाही: मिक्सरच्या भांड्याचा बुश, सोसायटीच्या फाटकाची बिजागरी, कोणाचा तरी गॅसचा शेगडा. उद्यावर टाकलेले काम एकच होते, कानांची तपासणी. वैतागाच्या टिपणांत मात्र एक गोष्ट चार वेळा आली होती. व्हाइसच्या स्क्रूचे आटे झिजले होते; दांडा अर्धा फेरा नुसताच फिरे आणि मगच जबडा हलू लागे, शिवाय घट्ट आवळलेली वस्तू कानस मारताना हळूच सरकत असे. हा व्हाइस काकांनी १९८० च्या दशकात जुन्या बाजारातून आणलेला, तोही तेव्हाच वापरलेला होता. जबड्यांत पत्र्याचा तुकडा घालून ते काम भागवत होते.

मग काकांनी तो स्वतःच का बदलला नाही, हा प्रश्न सूनबाईला पडला आणि तो महत्त्वाचा होता, कारण लागेल ते लगेच आणणारा माणूस येथे थांबला होता. उत्तर काकूंकडून मिळाले. काका म्हणत, “आता किती वर्षे वापरणार आहे मी? एवढ्यासाठी तीन-चार हजार घालायचे?” जुना व्हाइस चालत होता म्हणून नव्हे, तर नव्या व्हाइसइतके आयुष्य आपल्यापाशी उरले आहे की नाही, या हिशेबात ती खरेदी अडकली होती.

विचारात घेतलेले पर्याय

व्हाइसचा मुद्दा पुढे आला तरी तो लगेच मान्य झाला नाही. पंचाहत्तरीला लोखंडाचा ठोकळा देणे मुलाला विचित्र वाटत होते. चांदीचे ताम्हण त्याच्या मते शोभून दिसले असते. ते अंगठीच्याच वाटेने लॉकरमध्ये जाईल, एवढे म्हणून काकूंनी तो विषय संपवला. कोकणातील चार दिवसांच्या सहलीचा पर्याय काकांच्या गुडघ्यांमुळे मागे पडला.

मुलाने श्रवणयंत्र सुचवले. गरज खरी होती आणि खर्च करण्याची तयारीही होती. यावर काकू ठाम राहिल्या: तपासणीला मी त्यांना घेऊन जाईन, पण वाढदिवसाला औषध देऊ नये. मला हा या प्रकरणातील सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. वयस्क पुरुषांना दिल्या जाणाऱ्या कितीतरी भेटी खरे म्हणजे सुधारणेच्या सूचना असतात. चालण्याचे बूट, रक्तदाब मोजण्याचे यंत्र, पावले मोजणारे घड्याळ. त्या उपयोगी असतील, पण समारंभात कागद फाडून उघडल्या की चारचौघांत उणीव सांगितल्यासारखे होते.

सर्वांत जास्त वेळ गेला तो मुलीच्या सूचनेवर. काकांच्या ड्रॉवरमध्ये चावी द्यायचे एचएमटीचे घड्याळ बंद पडून होते. कारखान्यातील पहिल्या बोनसमधून घेतलेले. एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूरला घड्याळे बनवायला सुरुवात केली, आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारने हा घड्याळांचा उद्योग बंद करण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे अशी घड्याळे आता दुरुस्त करूनच टिकवावी लागतात. ते घड्याळ गुपचूप दुरुस्त करून पंचाहत्तरीच्या दिवशी चालू स्थितीत हातात द्यावे, ही कल्पना ऐकताच सगळ्यांना पटली.

मुलीने पुण्यात आली असताना घड्याळाचे फोटो एका कारागिराला दाखवले. त्याने मशीन साफ करून तेलपाणी करता येईल असे सांगितले, आणि डायल नव्याने रंगवून, काच बदलून, केस पॉलिश करून घड्याळ अगदी नव्यासारखे करून देण्याचीही तयारी दाखवली. घरी येऊन तिने हे उत्साहाने सांगितले तेव्हा काकू म्हणाल्या, “त्या काचेवरचा चरा लेथवरून उडालेल्या धातूच्या तुकड्याचा आहे. डोळा वाचला म्हणून तो त्यांनी तसाच ठेवलाय.” हे मुलीला ठाऊक नव्हते, मुलालाही नव्हते.

निर्णयाचे टप्पे

पहिला निर्णय घड्याळाचा होता. आश्चर्याचा धक्का देण्यात मजा असते, पण दुसऱ्याच्या जुन्या वस्तूला त्याच्या माघारी हात लावताना कोणती खूण घाण आहे आणि कोणती आठवण, हे देणाऱ्याला कळत नाही. केवळ मशीनची सफाई करून घ्यावी, बाकी काही करू नये, असा मधला मार्ग निघाला होता. तरीही काकांना न सांगता घड्याळ उघडायचे नाही असे ठरले. मुलगी यावर काही दिवस नाराज होती.

दुसरा निर्णय विचारण्याचा की न विचारण्याचा. ड्रिलच्या अनुभवानंतर व्हाइस अंदाजाने आणणे शक्य नव्हते, आणि विचारले तर नकार ठरलेला होता. येथे कुटुंबाने काही चातुर्य दाखवले असे मला लिहिता आले असते, पण खरे सांगायचे तर मार्ग अपघाताने सापडला. एका रात्री जेवताना मुलगा बोलून गेला, “बाबा, तुमचा व्हाइस गेलाय ना? मी मागवतो ऑनलाइन.” काकांचा घास हातातच राहिला. “ऑनलाइन? जबडे हाताने फिरवून बघितल्याशिवाय व्हाइस घेतात होय?” त्यानंतर वीस मिनिटे ते कास्ट आयर्नचा व्हाइस कसा ओळखावा, फिरत्या बैठकीचा का घेऊ नये आणि जबड्यांच्या पट्ट्या बदलता येणाऱ्या का हव्यात, यावर बोलत राहिले. त्या वीस मिनिटांत ‘नको’ हा शब्द एकदाही आला नाही.

सूनबाईने हे हेरले. “काय हवे” या प्रश्नाला काका नेहमी नकार देत. “कोणता घ्यावा” या प्रश्नाला मात्र ते उत्तर देत होते. खरेदी होणारच आहे आणि आपण लक्ष घातले नाही तर ती चुकीची होणार आहे, हे दिसल्यावर त्यांना स्वस्थ बसवेना.

तिसरा निर्णय पैशांचा. दोन्ही कुटुंबांनी तीन-तीन हजार काढायचे ठरवले, म्हणजे एकूण सहा हजार. ते पाकिटात घालून काकांना द्यावेत आणि त्यांनी हवे ते आणावे, ही सर्वांत सोपी पद्धत. पण मुलांकडून रोख रक्कम घेणे त्यांना रुचले नसते आणि ते पैसे नातवाच्या नावाने ठेवीत गेले असते, याबद्दल कोणालाच शंका नव्हती. म्हणून पैसे नातवाच्या खिशात, निवड काकांची आणि ओझे नातवाच्या खांद्यावर, अशी वाटणी झाली.

चौथा निर्णय, देण्याची वेळ. समारंभात पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळणे, जेवण आणि निमंत्रणावर “कृपया आहेर आणू नये” एवढेच ठेवायचे, साठ माणसांसमोर भेट म्हणून काहीच द्यायचे नाही, यावर काकू आणि सूनबाई एकमताने उभ्या राहिल्या. मुलाला हे रितेपणाचे वाटले. शेवटी आदल्या रात्री घरच्या घरी नातवाने एक चिठ्ठी द्यावी असे ठरले.

प्रत्यक्ष काय झाले

चिठ्ठीत एवढेच होते: “आजोबा, येत्या शनिवारी आपण दोघे बोहरी आळीत व्हाइस घ्यायला जाणार आहोत. तुम्ही बघायचा, मी उचलायचा.” काकांनी ती दोनदा वाचली, चष्म्याच्या घरात ठेवली आणि नातवाला विचारले, “तुला उचलेल का? चार इंची घेतला तरी आठ-दहा किलो होतो.”

शनिवारी दोघे वनाजहून मेट्रोने निघाले आणि जिल्हा न्यायालयाच्या स्थानकावर गाडी बदलून मंडईला उतरले. जिल्हा न्यायालयाचे भुयारी स्थानक जमिनीखाली तेहतीस मीटरांहून खोल आहे. काकांनी सरकत्या जिन्यावरून खाली जाताना अर्ध्यात थांबून बघता येत नाही म्हणून तो जिना पुन्हा चढून पुन्हा उतरला, आणि ही पंधरा मिनिटे नातवाच्या हिशेबात नव्हती.

रविवार पेठेतील बोहरी आळीत त्यांनी पाच दुकाने पाहिली. नातवाने मला जे सांगितले ते असे. आजोबा खिशातून कागदाच्या दोन पट्ट्या काढत, जबड्यांच्या दोन टोकांना एकेक धरून व्हाइस आवळत आणि मग दोन्ही ओढून पाहत; एक घट्ट आणि दुसरी सैल निघाली की जबडे समांतर नाहीत म्हणून पुढचे दुकान. मग दांडा हलकेच मागेपुढे करून स्क्रूमध्ये किती ढील आहे ते पाहत. चौथ्या दुकानातील वयस्क मालकाने न सांगता तिसरा व्हाइस मागच्या बाजूने काढून दिला आणि त्या दोघांत कारखान्यांच्या गप्पा सुरू झाल्या. तरीही पाचवे दुकान पाहूनच ते परत चौथ्यात आले. शंभर मिलिमीटर जबड्यांचा, स्थिर बैठकीचा व्हाइस ३,८५० रुपयांना ठरला. हॅकसॉच्या पात्यांचे २६० रुपये वेगळे.

परतताना मेट्रोच्या तपासणीत पिशवी उघडावी लागली. काकांनी तेथील सुरक्षारक्षकाला हे शस्त्र नसून हत्यार आहे, हा फरक समजावून सांगितला.

परिणाम

रात्री सूनबाईच्या हातात दुकानाचे बिल आणि रबर बँड लावलेले १,८९० रुपये आले. बिलाच्या मागे काकांच्या अक्षरात हिशेब होता. मेट्रोचे तिकीट आणि दोघांची मिसळ त्यांनी स्वतःच्या खिशातून दिली होती आणि तसे लिहिले होते. मुलाला हे पैसे परत येणे थोडे बोचले. सूनबाईने मात्र ते मुकाट्याने ठेवून घेतले.

व्हाइस रोज वापरात आहे. नातवाला जबड्यांत वस्तू धरून कानस सरळ कशी चालवावी हे काका शिकवतात, आणि तो महिन्यातून दोन शनिवार तरी टिकतो. अंगठी, स्मार्टवॉच आणि ड्रिल यांच्या तुलनेत हे यश मोठे आहे, पण ते निर्भेळ नाही. काकूंचा वाळत घालण्याचा एक दोर बाल्कनीतून गेला. शिवाय नवा व्हाइस फळीला बोल्टने पक्का बसवलेला असल्यामुळे त्यावरचा प्रत्येक ठोका इमारतीच्या स्लॅबमधून खालच्या घरात येतो. खालचे घर माझे आहे. जुना व्हाइस हलत असे, त्यामुळे अर्धा आवाज तो स्वतःच गिळत होता, हे मला नवा आल्यावर कळले. तिसऱ्या दिवशी मी वर गेले. काकांनी टेबलाच्या पायांखाली जाड रबराचे तुकडे घातले आणि ठोकाठोकीची वेळ अकरा ते एक ठरवली, ती आजवर पाळली आहे.

वेगळे काय करता आले असते

बाल्कनी काकांची एकट्याची नाही, हे घरात सर्वांना ठाऊक असूनही कोणाच्या लक्षात आले नाही. काकूंचे मत प्रत्येक निर्णयात घेतले गेले, पण वस्तू कोठे बसणार हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नाही, आणि मला विचारण्याचा तर संबंधच नव्हता. मोठी, जड किंवा आवाज करणारी वस्तू देताना ती ज्यांच्या शेजारी राहणार आहे त्यांच्याशी आधी बोलून घेतले असते तर दोर आणि रबर दोन्ही वेळेवर झाले असते.

दुसरे, जावयांना या सगळ्यात पैशांपुरतेच ठेवले गेले. ड्रिलच्या प्रसंगानंतर ते स्वतःहून मागे राहिले होते. त्या शनिवारी नाशिकहून येऊन तेही बोहरी आळीत गेले असते, तर पाच दुकाने फिरताना त्यांना ड्रिलचे उत्तर आपोआप मिळाले असते, असे सूनबाईला आता वाटते. ते खोके अजून तसेच आहे.

घड्याळाच्या बाबतीत कुटुंबाचे मत आजही एक नाही. मुलीच्या मते ते गुपचूप, पण केवळ मशीनपुरते दुरुस्त करायला हवे होते, कारण काका ते स्वतःहून कधीच नेणार नाहीत. सूनबाईच्या मते काकांना सरळ सांगून त्यांच्याबरोबर कारागिराकडे जायला हवे. काकूंनी कोणाचीच बाजू घेतलेली नाही. मार्चमध्ये त्यांनी ड्रॉवर आवरला तेव्हा घड्याळ पुढच्या बाजूला आलेले होते आणि त्याच्याखाली काकांच्या अक्षरातील एक चिठ्ठी होती: हाफ राउंड कानस दहा इंची, सहा मिलिमीटरचा टॅप, घड्याळाची काच, आणि या शेवटच्या नोंदीपुढे प्रश्नचिन्ह. ती चिठ्ठी काकांच्या स्वतःच्या खरेदीची आहे की कोणाला तरी दिसावी म्हणून ठेवलेली आहे, हे काकूंनी त्यांना विचारलेले नाही. त्यांनी फोटो काढून तो नातवाला पाठवला आहे.